आकडा अठ्ठ्याऐंशी

लिंक दिसली की दाबणाऱ्या माणसांबद्दल मला कधी दया वाटली नाही. मूर्खांच्या हाती यंत्र द्यायचं आणि त्यांनी केलेली घाण पुसायला माझ्यासारख्याला नेमायचं, अशी माझ्या नोकरीची मी व्याख्या करायचो. हुद्दा मात्र भारदस्त होता: सायबर सुरक्षा अधिकारी, महानगरपालिका. चार लाख वस्तीच्या शहराचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, जन्ममृत्यूचे दाखले, सगळं ज्या संगणकांवर चालायचं ते माझ्या राखणीत होते. आणि ते संगणक वापरणारे अकराशे कर्मचारी माझ्या तिरस्कारात.

आरोग्य खात्यातल्या एका हेडक्लार्कने ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ अशा निरोपावरून कार्यालयाचा पासवर्ड देऊन टाकला होता. त्याने काही मागवलेलंच नव्हतं.

“मग दाबलं का?” मी विचारलं.

“म्हटलं, बघू तरी कुणी काय पाठवलंय.”

हा किस्सा मी दोन वर्षं जिथे तिथे सांगितला. लोक हसायचे, आणि मला बरं वाटायचं.

मग आमच्याकडे ‘जागल्या’ आला, हल्ल्यांचे इशारे देणारी संगणकप्रणाली.

जागल्याचं काम समजायला अवघड नाही. जगभर लाखो फसवे संगणक मांडून ठेवलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला ते एखाद्या दवाखान्याचे, कारखान्याचे, धरणाचे वाटतात. आत काहीच नसतं. हल्लेखोर त्यांच्यावर हात मारून बघतो आणि तिथेच त्याची चाल नोंदली जाते. कुठून आला, कोणती कडी हलवून पाहिली, कोणतं सोंग घेतलं. या लाखो नोंदी एकत्र केल्या की दर पाच मिनिटांनी सांगता येतं की या क्षणी जगात कोणते हल्ले चालू आहेत आणि त्यातले कोणते आपल्या दिशेने सरकतायत. कालचा विझलेला धोका यादीत खाली जातो, आजचा जिवंत धोका वर येतो.

इथवर सगळं ठीक होतं. पण कुणीतरी आतून दार उघडल्याशिवाय बहुतेक हल्ले आत येत नाहीत. म्हणून जागल्याच्या पुढच्या आवृत्तीने दोन गोष्टी जुळवल्या. एका बाजूला सध्या चालू असलेली आमिषं, दुसऱ्या बाजूला आपल्या माणसांच्या सवयी. निरोप पूर्ण कोण वाचतं, अर्ध्यातच बोट कोण लावतं, रडका आवाज ऐकून कोण घाबरतं, साहेबाचं नाव बघून प्रश्न विचारायचं कोण विसरतं. या जुळणीतून प्रत्येक कर्मचाऱ्याचा शून्य ते शंभर असा एक आकडा निघायचा, रोज सकाळी ताजा. शंभराच्या जवळ असलेला माणूस फसायला आलेला.

तो आकडा एवढंच सांगत होता. माणूस खरं बोलतोय की खोटं, त्याला त्याचं काम येतं की नाही, याबद्दल त्यात काहीही नव्हतं. माहितीपुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं.

महिन्याभरात सगळी महापालिका एकमेकांना आकड्याने ओळखायला लागली. सत्तरच्या वरच्यांची नावं लाल दिसायची. लाल माणसाची सही असलेली फाईल दुसऱ्याकडे तपासायला जायची, लाल माणसाची सूचना बैठकीत कुणी टिपून घ्यायचं नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं, आणि मला मनापासून आवडलं. इतकी वर्षं मी ज्यांना मूर्ख म्हणत होतो त्यांच्या नावापुढे आता यंत्रानेच तसं लिहून दिलं होतं.

माझा आकडा सहा होता. सबंध महापालिकेत सर्वांत कमी.

सर्वांत जास्त होता रंजना गवंडींचा. अठ्ठ्याऐंशी.

गवंडीबाई टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्रात मुख्य रसायनतज्ज्ञ होत्या. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षांची. शहराला जाणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात किती क्लोरीन पडतं ते त्या बघायच्या. वर्षभरापूर्वी त्यांना भाच्याच्या आवाजात फोन आला होता: अपघात झालाय, पोलीस सोडत नाहीत, तुझ्या ऑफिसच्या खात्यातून माझी ओळख पटवून दे. बाईंनी खात्याचा पासवर्ड सांगितला. आवाज अर्थातच बनवलेला होता. आम्ही पंधरा मिनिटांत खातं बंद केलं, नुकसान काही झालं नाही. पण जागल्याने ती नोंद धरून ठेवली.

मी तर आणखी पुढे गेलो. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात सभागृहाच्या ध्वनिवर्धकावर मी त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. “मावशी, मी आहे गं,” असा तो खोटा आवाज सगळीकडे घुमला, मागोमाग बाईंचा घाबरा आवाज. नाव मी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. दोनशे माणसं हसली. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

“आवाज त्याचाच होता, साहेब.”

“तोच तर मुद्दा आहे, मॅडम. आवाज आता कुणाचाही काढता येतो. फोन ठेवून त्याला उलट लावायचा.”

“लावला होता. लागला नाही.”

“मग थांबायचं.”

“तुम्हाला थांबता आलं असतं,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला ते कौतुक वाटलं.

घरीही मी जागल्या बसवला. कुटुंबांसाठी त्याची एक आवृत्ती होती. माझी बायको शर्वरी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, छातीच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. तिचा आकडा निघाला चौसष्ट. त्या दिवसापासून ती काही सांगायला लागली की माझ्या मनात आधी चौसष्ट यायचं. तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार, आणि हिने विश्वास ठेवला असणार.

एकदा सकाळी चहा घेताना तिने माझ्या फोनचा पडदा पाहिला.

“हे तू रोज बघतोस? माझंसुद्धा?”

“सवयीने. तुझा चौसष्ट आहे. तसा वाईट नाही.”

“आणि तुझा?”

“सहा.”

“म्हणजे तुला कुणी फसवूच शकत नाही.”

“जवळजवळ.”

तिने डबा पिशवीत ठेवला. “मला छातीत दुखतंय असं मी तुला सांगितलं, तर तू आधी माझ्याकडे बघशील की तिकडे?”

हा प्रश्न मला भावनिक आणि म्हणून बिनकामाचा वाटला. मी पुन्हा पडद्याकडे वळलो. तिने उत्तराची वाटही पाहिली नाही.

तो दिवस एप्रिलमधला मंगळवार होता. सकाळी नऊ चाळीसला मी टेबलाशी बसलो होतो, आणि जागल्याची निळी पट्टी माझ्या पडद्यावर आली. ‘सध्या सक्रिय: पाणीपुरवठा केंद्रे. खोट्या बिघाडाच्या तक्रारी करून स्वयंचलित यंत्रणा बंद पाडण्याचा प्रयत्न. जास्त आकड्याच्या कर्मचाऱ्यांचे अधिकार तत्काळ गोठवा.’ खाली बटण होतं. बटण दाबल्यावर पासवर्ड मागितला, अंगठा मागितला. मी दोन्ही दिले. पहिलं नाव मी गवंडीबाईंचं गोठवलं.

मला तेव्हा किती समाधान वाटलं ते लपवत नाही. कुणीतरी माझ्याच मनातलं बोललं होतं.

दहा पंचवीसला बाईंचा फोन आला. एरवी त्या हळू बोलायच्या, त्या दिवशी भराभर बोलत होत्या. पडद्यावर क्लोरीन बरोबर दिसतंय पण हाताने केलेली चाचणी वेगळंच सांगतेय, असं काहीतरी होतं. परीक्षानळीतला रंग, वास, यंत्रणा बंद करायची आहे आणि होत नाही. मी ऐकत होतो ते इतकंच की अठ्ठ्याऐंशी आकड्याची बाई मला स्वयंचलित यंत्रणा बंद करायला सांगतेय. इशाऱ्यात अगदी हेच लिहिलं होतं.

“मॅडम, तुम्हाला आज सकाळी कुणाचा फोन आला होता?” मी विचारलं.

“मला कुणाचा फोन आलेला नाही. मी नळी हातात धरून उभी आहे.”

“पडद्यावर आकडा किती आहे?”

“पडद्यावर बरोबर आहे. तेच तर सांगतेय.”

“मग बरोबर आहे. तुम्ही कशालाही हात लावू नका. मी दुपारी माणूस पाठवतो.”

मी फोन ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलं, “बघ, जागल्या सांगतो आणि पाऊण तासात होतं.”

केंद्रात काय चाललं होतं ते नंतर कळलं. कुणीतरी बाहेरून क्लोरीनची मात्रा वीसपट केली होती आणि पडद्यावर जुनाच आकडा गोठवून ठेवला होता. पडदा शांत होता, आणि खाली नळात विष चाललं होतं. बाईंना बटणाने ते थांबवता येईना, कारण त्यांचे अधिकार गेले होते. उरला एकच उपाय: क्लोरीनच्या खोलीत जाऊन सिलिंडरची झडप हाताने फिरवायची. पण त्या खोलीचं दार कार्डाने उघडायचं, आणि कार्ड मी गोठवलं होतं. गॅसपासून बचावाचे मुखवटे ज्या कपाटात होते तेही त्याच कार्डावर. मुखवट्यांना कुलूप घालण्याची सुधारणा माझीच, मागच्या वर्षीची.

बाईंनी मोठ्या पान्याने दाराची कडी तोडली. त्यात दहा मिनिटं गेली. आत नळीचा एक जोड जास्तीच्या दाबाने गळायला लागला होता. ओढणी ओली करून तोंडाला बांधली आणि त्या आत गेल्या. झडप फिरवली आणि स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन व्हरांड्यात कोसळल्या.

शहरात छप्पन्न माणसं घसा भाजून, उलट्या होऊन दवाखान्यात गेली. मेलं कुणी नाही. ते कसं, तेही सांगतो. मला फोन करायच्या आधी बाईंनी त्या जलवाहिनीवरच्या डायलिसिस केंद्राला फोन केला होता. तिथे हे पाणी रुग्णांच्या रक्तापर्यंत पोचलं असतं तर नऊ माणसं खुर्चीतच गेली असती. फोन उचलला तो स्वागतकक्षातल्या मुलीने. तिला बाईंचा आकडा माहीत नव्हता, म्हणून तिने ऐकलं आणि यंत्रं बंद करवली.

दुपारी मी नोंदी उघडल्या. जागल्याने त्या सकाळी पाणीपुरवठ्याबद्दल कोणताही इशारा काढलेला नव्हता. ती निळी पट्टी बनावट होती. जागल्याची यादी आम्ही जशी वाचत होतो तशीच हल्लेखोरही वाचत होते. जागल्या काहीही म्हणाला तरी डोळे झाकून मानणारा माणूस कोण, हे त्यांनी शोधलं असणार. माझा पासवर्ड आणि माझा अंगठा वापरून ते आत आले होते. ते कोण, कुठले, आजवर कळलेलं नाही.

मला पहिल्यांदा अपराधी वाटलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पहिल्यांदा मनात आलं ते असं की आता लोक हसतील.

तिसऱ्या दिवशी उपायुक्त रणखांबे यांच्या दालनात चौकशीची बैठक झाली. रणखांबे म्हणजे समोरच्या कागदावर कुणाची तरी सही असेल तर जगात सगळं ठीक आहे असं मानणारा गृहस्थ. शेजारी जागल्या बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी होता, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ बसलेला. अहवाल आधीच तयार होता: उच्च जोखमीच्या कर्मचाऱ्याकडून वर्षभरापूर्वी फुटलेल्या माहितीचा गैरवापर, शिवाय सूचना धुडकावून सरकारी मालमत्तेची मोडतोड.

“तुम्ही वेळेवर अधिकार गोठवलेत, उपळेकर,” रणखांबे म्हणाले. “नाहीतर बाईंनी आणखी काय केलं असतं कोण जाणे.”

मी सही केली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी शर्वरी घरी आली, चपला काढल्या आणि उभ्यानेच बोलली.

“आज एका बाईंना श्वास घ्यायला शिकवत होते. तीन आकडे मोजेपर्यंत आत, तीन मोजेपर्यंत बाहेर. त्यांना दोनच जमतात. उशाशी निलंबनाची नोटीस होती, जोडलेल्या अहवालावर तुझी सही.”

मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, बटण, अंगठा, नोंदी. दुसऱ्या कुणाला मी ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती आता माझ्याशेजारी बसेल.

“हे मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “मी चौसष्ट आहे. मला कुणीही काहीही सांगतं.”

ती आत गेली. सबंध आयुष्यात मी लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर मला पहिल्यांदा समोरून दिसली होती.

दुसऱ्या दिवशी नोंदींची प्रत घेऊन मी रणखांबेंकडे गेलो. त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने कागद चाळले आणि समजूत घालायच्या स्वरात म्हणाला, “सर, तुमचा आकडा सहा आहे. तुम्ही असं काही दाबाल याची शक्यता आमच्या हिशोबात जवळजवळ नाहीच. कुणीतरी तुमच्या नावाने केलं असेल.”

“मी माझ्या अंगठ्याने केलं.”

“ताणामुळे माणसाला असं वाटतं.”

“नोंद समोर आहे,” मी म्हणालो.

“नोंदीपेक्षा आकडा जास्त भरवशाचा असतो, सर.”

रणखांबेंनी मान डोलावली. “उपळेकर, चार दिवस सुट्टी घ्या.”

दोन बावळट माणसं माझ्यासमोर बसून मी निर्दोष असल्याचं मलाच पटवत होती, आणि दोघांचेही आकडे वीसच्या आत होते. असा तिरस्कार मला कधी कुणाचा वाटला नव्हता. मग लक्षात आलं, आठ दिवसांपूर्वी त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत मी होतो.

मी पोलिसांकडे स्वतःविरुद्ध जबाब द्यायचं ठरवलं. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. जबाब नोंदवला गेला, बाईंची नोटीस मागे घेतली गेली, माझी नोकरी गेली. माझा आकडा एका सकाळी सहावरून त्र्याण्णव झाला. आता ओळखीची माणसं माझा फोन उचलतात आणि “हो, हो” म्हणत ठेवून देतात. जागल्या अजून चालू आहे. शर्वरी आणि मी एकाच घरात राहतो, आणि ती मला जरुरीपुरतं सांगते.

पण जबाब द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी भेटीच्या वेळेत, जबाबाचा कच्चा मसुदा घेऊन मी रुग्णालयात गेलो होतो. गवंडीबाई उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी होती. उद्या पोलिसांकडे जबाब देतोय असं सांगून मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

“जबाबात माझ्या फोनचं काय लिहिलंय?”

मी कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं: ‘श्रीमती गवंडी यांनी दूरध्वनीवरून बिघाडाची तक्रार केली.’

“मी नक्की काय म्हणाले होते, सांगा.”

मी आठवायला लागलो. नळी, वास, रंग. एकही वाक्य मला सलग आठवेना. आठवत होता तो फक्त आकडा.

“मला नाही सांगता येत,” मी म्हणालो.

“लिहून घ्या.”

त्या सांगायला लागल्या. प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत होतं, त्यामुळे मला घाई करता येत नव्हती. चाचणी दोनदा केली. दोन्ही वेळा पिवळ्याऐवजी गडद नारिंगी रंग आला. पाणी पहिल्या टाकीत पोचायला चाळीस मिनिटं लागतात, त्यातली पंचवीस गेली आहेत. डायलिसिसवाल्यांना मी कळवलं आहे. शाळांच्या टाक्या तुम्ही बंद करवा. माझे अधिकार दोन मिनिटांसाठी परत द्या, मी मात्रा खाली आणते आणि मग पुन्हा काढून घ्या.

हे सगळं त्यांनी मला त्या सकाळी एका दमात सांगितलं होतं. यात एक शब्दही घाबरलेल्या माणसाचा नव्हता.

“वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. शेवटचं वाक्य मी माझ्या पद्धतीने लिहिलं होतं: ‘दोन मिनिटांसाठी अधिकार परत देण्याची त्यांनी विनंती केली.’

“विनंती नाही.” त्यांनी श्वास घेतला. “मी तुम्हाला सांगितलं होतं.”

मी ते वाक्य खोडलं आणि त्यावर लिहिलं, ‘दोन मिनिटांसाठी अधिकार परत द्या, असं त्यांनी मला सांगितलं.’